सुटलेल्या घरांचा हिशेब : राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांमधील राष्ट्रीय सेवा योजनेच्या सर्व कार्यक्रम अधिकाऱ्यांस,



सर, मॅडम, पावसाळ्यात महाविद्यालयं सुरू झाली की तुमच्याकडे नव्या स्वयंसेवकांची नोंदणी होते आणि वर्षभराचा आराखडा ठरतो. वृक्षारोपण, रक्तदान, दत्तक गावातलं सर्वेक्षण, असं सगळं वर्षाच्या १२० तासांत बसवायचं असतं, शिवाय हिवाळ्यातलं सात दिवसांचं श्रमसंस्कार शिबिर असतं. काही महाविद्यालयांनी अलीकडे मुलांना एक वेगळं काम दिलं आहे. संगणकासमोर बसायचं, आफ्रिकेतल्या एखाद्या भागाचं उपग्रहचित्र उघडायचं आणि त्यात दिसणारी घरं, वाटा, ओढे नकाशावर उतरवायचे. तो नकाशा तिथल्या लसीकरणाच्या किंवा हिवतापाच्या मोहिमेला लागतो. या कामाविषयी मी तुम्हाला लिहितो आहे. ते तुमच्या आराखड्यात जरूर घ्या, पण एका दिवसाचा कार्यक्रम म्हणून घेऊ नका, एवढं माझं मागणं आहे.

मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात नोकरी केली, आरोग्य सहायक म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं गडचिरोली जिल्ह्यात गेली. निवृत्तीनंतर ‘ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम’च्या मोहिमांसाठी घरबसल्या नकाशे करतो. अलीकडे स्वतः काढण्यापेक्षा दुसऱ्यांनी काढलेलं तपासण्याचं काम जास्त करतो. या संघटनेचं मूळ २०१० च्या हैतीच्या भूकंपात आहे. ओपनस्ट्रीटमॅप हा कुणालाही फुकट वापरता येणारा आणि कुणालाही भर घालता येणारा जगाचा नकाशा २००४ पासून चालू होता. भूकंपानंतर जगभरातल्या स्वयंसेवकांनी त्यावर पोर्तो-प्रिन्सचे रस्ते उतरवले आणि मदतपथकांनी ते वापरले.

आरोग्याच्या कामात या पद्धतीची खरी परीक्षा झाली ती पश्चिम आफ्रिकेत. जागतिक आरोग्य संघटनेने २३ मार्च २०१४ रोजी गिनी देशातली इबोलाची साथ जाहीर केली. मागे जाऊन शोध घेतल्यावर कळलं, की पहिला रुग्ण डिसेंबर २०१३ मधला होता. गेकेडू शहराजवळच्या मेलिआंडू गावातलं एक लहान मूल. म्हणजे नाव मिळण्याआधी तीन महिने हा आजार गावोगाव फिरत होता. त्याच आठवड्यात, २७ मार्चला, भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. आमच्या खात्यात त्या दिवशी प्रत्येकाला आपापले पल्स पोलिओचे दिवस आठवले असतील. दारोदार फिरून खडूने भिंतीवर ‘पी’ किंवा ‘एक्स’ लिहिणारे आम्ही लोक. ज्या घरात एखादं मूल सुटलं ते ‘एक्स’, आणि त्या घरी पुन्हा जायचं.

गेकेडूत पोचलेल्या ‘एमएसएफ’च्या, म्हणजे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या, पथकांना कुठल्या घरी पुन्हा जायचं हे ठरवता येईल असा नकाशाच हाताशी नव्हता. इबोलात रुग्णाच्या संपर्कात आलेल्या प्रत्येक माणसावर २१ दिवस रोज लक्ष ठेवावं लागतं, कारण लक्षणं दिसायला तेवढा काळ लागू शकतो. रुग्ण आपल्या गावाचं नाव सांगतो. ते नाव फ्रेंच कागदावर एका तऱ्हेने लिहिलं जातं, शेजारच्या इंग्रजी कारभाराच्या देशात दुसऱ्या तऱ्हेने. एकाच नावाची गावं निघतात. त्यात हा किसी लोकांचा मुलूख, आणि तो तीन देशांत विभागलेला. गिनीत गेकेडू, लायबेरियात फोया, सिएरा लिओनमध्ये कैलाहुन. लोक बाजाराला, लग्नाला, मयतीला सरहद्द ओलांडून जातात, तशी साथही गेली. ‘एमएसएफ’ने नकाशा मागितला आणि काही दिवसांत दोनशेहून अधिक स्वयंसेवकांनी आपापल्या देशांत बसून गेकेडू आणि आसपासच्या शहरांतल्या हजारो इमारती व रस्ते उपग्रहचित्रांवरून उतरवले. नकाशा आला म्हणून साथ थांबली असं मी म्हणणार नाही. ती शमेपर्यंत २८,६०० हून अधिक लोकांना लागण झाली आणि ११,३०० हून अधिक दगावले. पण ‘ते गाव कुठे’ या प्रश्नाला तोवर उत्तर नव्हतं, ते या कामामुळे मिळू लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘एमएसएफ’, ब्रिटिश आणि अमेरिकन रेडक्रॉस व ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम यांनी मिळून ‘मिसिंग मॅप्स’ सुरू केलं. साथ आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा जिथे ती येऊ शकते तिथले नकाशे आधीच तयार ठेवायचे, हा त्यामागचा विचार होता.

आता या नकाशातल्या एका घराचं मोल काय, ते सांगतो. माझ्या मते स्वयंसेवकांना पहिल्याच दिवशी हे कळलं पाहिजे.

हिवतापाची फवारणी घ्या. हंगामी फवारणी कर्मचारी गावात जातात, घरांवर क्रमांक टाकतात, फवारलेली आणि न फवारलेली घरं वहीत लिहितात, संध्याकाळी टक्केवारी निघते. शंभरातली नव्वद घरं फवारली, नव्वद टक्के काम झालं. पण हे शंभर आले कुठून? पथकाला जेवढी घरं सापडली तेवढी. मुख्य गावापासून दोन-तीन किलोमीटर आत, नाल्यापलीकडे एखादा टोला असेल आणि तो गावाच्या यादीत नसेल, तर तो फवारलेल्यांत येत नाही आणि न फवारलेल्यांतही येत नाही. अंश चुकला तर वरिष्ठांच्या नजरेला येतो. छेद चुकला तर कागदावर काहीच चुकलेलं दिसत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात ताप नेमका त्या टोल्यातून निघतो. गडचिरोलीत आम्ही उपकेंद्राच्या भिंतीवर हाताने काढलेले नजरी नकाशे लावत असू. नजरी नकाशात काढणाऱ्याला माहीत असलेलं सगळं येतं. त्याला माहीत नसलेलं त्यात कसं येणार?

आफ्रिकेतही हेच होतं. उत्तर नायजेरियात पोलिओच्या मोहिमा वर्षानुवर्षं हाताने काढलेल्या नकाशांवर चालल्या. उपग्रहचित्रांवरून वस्त्या शोधायला लागल्यावर यादीत कधीच नसलेल्या वस्त्या पुढे आल्या. झांबियात फवारणीच्या पथकांना उपग्रहचित्रांवरून मोजलेल्या घरांची यादी देऊ लागले, तेव्हा पर्यवेक्षकाला प्रथमच पथकाच्या वहीबाहेरचा छेद मिळाला. मच्छरदाण्यांचं वाटपही असंच होतं. मोहिमेची मागणी नोंदवताना दर १.८ माणसांमागे एक मच्छरदाणी धरतात. माणसं किती, याचा अंदाज जिथे जनगणना जुनी आहे तिथे अनेकदा घरांच्या संख्येवरून काढावा लागतो. म्हणजे पुण्यात किंवा परभणीत बसलेल्या मुलीने एका चौकोनातली सहा घरं सोडली, तर तिकडे तीसेक माणसांच्या मच्छरदाण्या ट्रकमध्ये चढतच नाहीत. आणि धान्याच्या सहा कणग्यांना तिने घरं ठरवलं, तर पथक उन्हात तिथवर चालत जाऊन हात हलवत परत येतं.

कणगी आणि घर यांतला फरक वरून ओळखणं सोपं नाही. गोल, गवताने शाकारलेली झोपडी आणि गोल कणगी दोन्ही तपकिरी ठिपके दिसतात. मी सावली बघतो. झोपडीची सावली पसरट असते, तिच्याकडे पायवाट येते, दारासमोरची जमीन पायांनी तुडवून फिकट झालेली असते. कणगी सहसा झोपडीला चिकटून, लहान, आणि तिच्याकडे स्वतंत्र वाट नसते. झाडाखालची घरं अर्धीच दिसतात. पावसाळ्यातलं चित्र असेल तर ढग आडवे येतात. दोन वेगवेगळ्या वेळची चित्रं शेजारी ठेवून पाहिली, तर एकात दिसणारी वस्ती दुसऱ्यात उठून गेलेली असते. मग ताजं चित्र कुठलं ते शोधावं लागतं. आपल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांचं घर शेतात आहे, ज्यांनी खळं, गोठा, कणगी, कुडाची भिंत पाहिली आहे, त्यांची नजर या कामात फार लवकर बसते, असा माझा अनुभव आहे. ग्रामीण महाविद्यालयांनी हे काम शहरातल्या मुलांचं समजून सोडू नये.

कामाची पद्धत तशी सरळ आहे. मोहिमेचा सगळा भाग लहान चौकोनांत कापलेला असतो. तुम्ही एक चौकोन घेतला की तो तुमच्या नावावर अडकतो, दुसरा कुणी त्याच वेळी त्यात हात घालू शकत नाही. घरं, रस्ते उतरवून झाले की ‘पूर्ण’ म्हणायचं. मग अनुभवी माणूस तो चौकोन तपासतो. बरोबर असेल तर मान्य करतो, नसेल तर काय राहिलं ते लिहून परत पाठवतो. सगळ्या व्यवस्थेची भिस्त या दुसऱ्या पायरीवर आहे, आणि माणसं नेमकी तिथेच कमी पडतात.

याचं कारण आपल्या कार्यक्रम करण्याच्या सवयीत आहे. मॅपथॉन नावाचा दिवसभराचा कार्यक्रम ठरतो. सभागृहात फलक लागतो, दीपप्रज्वलन होतं, शंभर मुलं येतात, दोन तासांत नकाशा कसा काढायचा ते शिकतात, तीन तास काढतात, संध्याकाळी ‘आज आपण इतक्या हजार इमारती काढल्या’ अशी घोषणा होते, प्रमाणपत्रं वाटली जातात. दुसऱ्या दिवशी त्यांतलं कुणीही परत येत नाही. शंभर नवशिक्यांनी एका दिवसात काढलेल्या नकाशात तिरक्या पडलेल्या इमारती असतात, कुंपणालाच घर समजून काढलेला मोठा चौकोन असतो, पूल नसताना नदीवरून नेलेला रस्ता असतो. ते दुरुस्त करायला कितीतरी आठवडे लागतात, आणि दुरुस्त करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चौकोन परत पाठवताना मी शेरा लिहितो, तो वाचायला पलीकडे कुणीच नसतं. पूल नसलेल्या नदीवरचा रस्ता दुरुस्त होण्याआधी एखाद्या मोटारसायकलवरच्या लसटोचकाच्या फोनमध्ये उतरला असेल, या विचाराने मला झोप लागत नाही. मुलांचा यात काहीच दोष नाही. त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं नाही, हा आयोजनाचा दोष आहे.

म्हणून माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. शंभर मुलांऐवजी बारा-पंधरा घ्या, पण वर्षभर ठेवा. आठवड्याला दोन तास, एकाच मोहिमेवर. तास मोजताना काढलेल्या इमारती मोजू नका, तपासणीत मान्य झालेले चौकोन मोजा. शेरा येऊन परत आलेला चौकोन दुरुस्त केला तर त्याचे तास धरा, उलट थोडे जास्तच धरा. दुसऱ्या सत्रात त्यांतल्या तीन-चार जणांना तपासनीस करा. त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांचं काम तपासावं. असं तीन वर्षं चाललं तर तुमच्या महाविद्यालयात या कामाची परंपरा तयार होईल आणि माझ्यासारख्यांची गरज राहणार नाही.

आणि त्यांना आधी एकदा दत्तक गावात न्या. वहीत त्या गावाचा नजरी नकाशा काढायला सांगा. मग तेच गाव उपग्रहचित्रात उघडा. वहीत कुठली वस्ती राहून गेली ते मुलांनाच शोधू द्या. ती वस्ती कुणाची निघते, हेही त्यांच्या लक्षात येईल, आणि त्यावर वर्गात बोला. त्यानंतर गिनी किंवा काँगोचं चित्र त्यांना परकं वाटणार नाही.

घरबसल्या कामाच्या मर्यादाही मुलांपासून लपवू नका. सप्टेंबर २०१४ मध्ये गिनीतल्या वोमे गावात इबोलाची माहिती द्यायला गेलेल्या पथकावर गावकऱ्यांनी हल्ला केला, आठ जण मारले गेले. पथकाला गावाचा रस्ता माहीत होता. गावाला पथकावर विश्वास नव्हता. हा विश्वास मिळवण्याचं काम दुरून होत नाही, ते तिथल्या शिक्षकाने, दाईने, इमामाने, तिथल्या भाषेत करायचं असतं. गावांची नावंसुद्धा वरून दिसत नाहीत. काँगोतल्या लुबुम्बाशी शहरात मिसिंग मॅप्सचं सुरुवातीचं काम झालं, तेव्हा दूरच्या स्वयंसेवकांनी रस्ते आणि घरं काढली, आणि तिथल्याच विद्यापीठातले विद्यार्थी छापील नकाशे घेऊन गल्लोगल्ली फिरले, लोकांना विचारून नावं लिहिली. नकाशा पुरा झाला तो त्यांच्यामुळे. आपल्या मुलांनी स्वतःला त्या विद्यार्थ्यांचे मदतनीस समजावं, हे मी आग्रहाने सांगतो. तिथले लोक एखाद्या वस्तीचं नाव बदलून गेले तर आपल्याला पटो न पटो, ते नाव राहू द्यायचं. जिथे हत्यारबंद टोळ्या फिरतात तिथली वस्ती नकाशावर उघडी करणं धोक्याचं असू शकतं. तिथे काय दाखवायचं आणि काय नाही, हे मोहीम चालवणाऱ्यांनी ठरवावं आणि आपण ते पाळावं.

संगणकच हल्ली घरं ओळखतो, मग माणसं कशाला, असंही कुणी तुम्हाला विचारेल. गूगलने २०२१ मध्ये आफ्रिकेतल्या ५१ कोटींहून अधिक इमारतींच्या कडा यंत्राकडून काढून खुल्या केल्या, हे खरं आहे, आणि चांगलंच झालं. पण यंत्रही झोपडीला खडक समजतं आणि खडकाला झोपडी. त्यामुळे काढण्याचं काम कमी होत जाईल आणि तपासण्याचं वाढेल. तपासायला शिकलेली मुलं हवीत ती याचसाठी.

राहिला तो प्रश्न, जो तुमच्या सल्लागार समितीत हमखास निघेल. आपल्या मेळघाटात, धडगावात एवढं काम पडलं असताना आफ्रिका कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाऊ नये. माझं उत्तर असं. १८९७ मध्ये प्लेगची लस मुंबईत तयार झाली, ती ओडेसात जन्मलेल्या वाल्डेमार हाफकिन यांच्या हातून. १९७४ मध्ये बिहारमध्ये देवीच्या साथीने हाहाकार माजला तेव्हा भारतीय कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने विल्यम फेगींसारखे परदेशी डॉक्टर गावोगाव रुग्ण शोधत फिरले. पुढच्या वर्षी देशातली देवी संपली. रुग्ण शोधा आणि त्याच्या भोवतालच्या माणसांना टोचा, ही त्या वेळी वापरलेली पद्धत पुढे इबोलालाही लावली गेली. २०१८ ते २०२० या काळात काँगोच्या उत्तर किवू आणि इतुरी भागांत इबोलाची साथ होती, तिथे याच पद्धतीने ३ लाखांहून अधिक लोकांना लस दिली गेली. आपल्या गावांतून देवी गेली त्यात परक्या माणसांचे श्रम होते. ते आपण घेतले, आता थोडे परत करायला काय हरकत आहे? मेळघाटचं काम त्यासाठी थांबवायचं नाहीच. नजरेला सुटलेली वस्ती शोधायची सवय लागलेली मुलगी धडगावच्या पाड्यांत गेली तर तिथेही छेद तपासेल. आशाताईंच्या यादीतलं कुठलं घर राहिलं, हे ती विचारेल.

‘माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी’ हे तुमच्या योजनेचं ब्रीद आहे. १९६९ पासून तुम्ही लोकांनी ते मुलांच्या हातात फावडं आणि घमेलं देऊन शिकवलं. या कामात घाम येत नाही, फोटोत काही दिसत नाही, उद्घाटनाला पाहुणा बोलावण्यासारखंही काही नाही. ज्याच्यासाठी काम केलं तो माणूस मुलांना कधी भेटणार नाही, आभारही मानणार नाही. अहवालात लिहायला हे अवघड जाईल, याची मला कल्पना आहे. तरी या वर्षीच्या आराखड्यात एक ओळ ठेवा, आठवड्याला दोन तासांची.

तपासायला कुणी नाही ही अडचण असेल तर तुमच्या तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. हिवताप विभागातून, पल्स पोलिओच्या मोहिमांतून निवृत्त झालेले आरोग्य सेवक, सेविका, सहायक प्रत्येक तालुक्यात आहेत. संगणक त्यांना मुलं शिकवतील. वस्ती कुठे लपलेली असते, पावसाळ्यात कुठली वाट बंद होते, कुठल्या घरी लोक दिवसा नसतात, हे ते मुलांना शिकवतील. नोंदणी झाल्यावर पहिल्या बैठकीलाच त्यांना बोलवा, आराखडा पक्का होण्याआधी.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सहायक